ट्रस रॉड हा तारांची उंची ठरवणारा स्क्रू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रिक गिटार नव्याने शिकणाऱ्यांसाठी काही सूचना आल्या आहेत. तारा कधी बदलाव्यात, वाजवून झाल्यावर कशा पुसाव्यात, हे सगळे ठीक. पण दोन वाक्ये तशीच सोडून देण्यासारखी नाहीत. पहिले, ‘तारा उंच वाटत असतील तर ट्रस रॉड आवळून त्या खाली आणाव्यात.’ दुसरे, ‘सुरुवातीला बोटे दुखणारच, घट्टे पडेपर्यंत सोसावे.’ पहिल्याने चांगली गिटार बिघडते आणि दुसऱ्याने बिघडलेली गिटार तशीच राहते.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, पोटात बसवलेली पोलादी सळई. कमी-जास्त आवळता येईल अशा सळईचे पेटंट गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळाले. तारांच्या ओढीला विरोध करून नेक हवी तेवढीच वाकू देणे हे तिचे काम. ही ओढ मामुली नसते. ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या तारांचा, म्हणजे ज्याला सगळे ‘नऊचा सेट’ म्हणतात तो, तारेचा वाजता भाग २५.५ इंच असलेल्या गिटारवर नेहमीच्या सुरात लावला की सहा तारा मिळून नेकला ३८-३९ किलोंनी खेचतात. दहाचा सेट लावला तर ४६-४७ किलो, सिमेंटच्या गोणीहून थोडेच कमी.

सळई आवळली की नेक मागे कलते आणि मधल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) तारा खाली आल्यासारख्या दिसतात. गैरसमज टिकून आहे तो यामुळे. पण हा फरक पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या आसपासच राहतो. नेक जिथे बॉडीला बसते, तिथून पुढे सळईचा फारसा अंमल चालत नाही. मग होते असे की सतराव्या फ्रेटवर तार होती तेवढीच उंच आणि पहिल्या चार फ्रेटवर मात्र खरखर. खरखर घालवायला सॅडल, म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजमधला तार टेकते तो तुकडा, वर चढवतात, तारा पुन्हा उंच होतात, पुन्हा सळईला चावी लागते. अशा चार फेऱ्या झाल्या की सळईच्या नटाचे कोपरे झिजतात किंवा आटे जातात, आणि ते काम फ्रेटबोर्ड उचकटण्यापर्यंत जाऊ शकते.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. पुढची मापे स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या गिटारची देत आहे. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेली ही रचना, आणि शिकाऊ मुलांच्या हातातल्या स्वस्त गिटारीही बहुतेक याच साच्याच्या असतात. प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल आणि प्रत्येक सॅडलला उंचीचे दोन बिनडोक्याचे बारीक स्क्रू.

हत्यारे फार लागत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी, फीलर गेज, कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारी पकड), ट्यूनर आणि योग्य मापाच्या ॲलन की (षट्कोनी चाव्या). कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी चालत नाही, कारण तिचा शून्य कडेपासून सुरू होत नाही. कडेला दोन-तीन मिलिमीटर कोरी जागा असते आणि आपण मोजतो आहोत दीड मिलिमीटर. स्टीलची पट्टी घेतानाही खूण अगदी टोकापासून सुरू होते ना, हे पाहून घ्यावे. फीलर गेज म्हणजे स्कूटरचे टॅपेट सेट करणाऱ्या मेकॅनिकच्या पेटीतले पात्यांचे तेच गेज, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नसेल तर दहाच्या सेटमधल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेचा उरलेला तुकडा जपून ठेवावा. त्याची जाडी ०.०१० इंच, म्हणजे जवळजवळ पाव मिलिमीटर, आणि आपल्याला लागणारे माप तेच.

ॲलन कीबाबत घाई करू नये. आशियात बनलेल्या गिटारच्या सॅडलला बहुधा १.५ मिमीची चावी लागते, अमेरिकन फेंडरला ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमीची. ट्रस रॉडला आशियाई बनावटीत सहसा ४ किंवा ५ मिमी, तर बहुतेक आधुनिक अमेरिकन फेंडरना १/८ इंच. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी, त्यात ३ मिमीची चावी सहज शिरते, थोडी फिरते, आणि जोर दिला की नटाचे कोपरे घेऊन सटकते. चावी किंचितही डुगडुगत असेल तर ती चावी त्या गिटारची नव्हे.

सुरुवात नव्या तारांनी आणि ज्या सुरात वाजवणार त्याच सुरात लावून करावी. अर्धा सूर उतरवून वाजवणाऱ्याने उतरवूनच मोजावे. गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत हवी. टेबलावर उताणी ठेवून, नेकखाली उशी देऊन घेतलेले माप मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांनी सहज चुकते.

पहिले माप नेकच्या खोलगटपणाचे, ज्याला गिटारवाले रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी म्हणजे सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. दोन्हीकडून दाबलेली तार म्हणजे एक सरळ पट्टीच झाली. आता आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांतली फट मोजा. फ्रेटबोर्डची गोलाई, म्हणजे त्याच्या आडव्या कमानीची त्रिज्या, ९.५ ते १२ इंच असेल तर ०.२५ मिमी, जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंच गोलाईला ०.३ मिमी, १५-१७ इंचांच्या चपट्या बोर्डाला ०.२ मिमी, ही फेंडरची मापे. तारेचा तुकडा फटीतून जेमतेम सरकला आणि वरची तार हलली नाही की झाले. फट जास्त असेल तर चावी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे आवळायची. फट नसेलच, तार आठव्या फ्रेटला टेकत असेल, तर नेकला उलटी कमान आहे, ढिली करायची. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक कधीच नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजायचे. लाकूड सावकाश वळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा माप घ्यावे. आवळताना चावी एकदम जड झाली तर तिथेच थांबावे आणि गिटार जाणत्याकडे न्यावी.

रिलीफ बरोबर निघाला तर सळईचे काम संपले. आता उंची.

पट्टी सतराव्या फ्रेटच्या माथ्यावर उभी ठेवून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचे, डोळा तारेच्या पातळीत आणून. वरून पाहिले की माप चुकते. ९.५ ते १२ इंच गोलाईला पहिल्या आणि सहाव्या दोन्ही तारांना १.६ मिमी, सुताराच्या हिशेबात अर्धे सूत. ७.२५ इंच गोलाईला सहावीला २ मिमी आणि पहिलीला १.६. चपट्या बोर्डाला सहावीला १.६, पहिलीला १.२. हा पाया समजावा, कायदा नव्हे. जोराने ऱ्हिदम वाजवणाऱ्याला जाड तारा दोन-तीन दशांश वर लागतात, हलक्या हाताने लीड वाजवणारा खाली आणू शकतो. जड हाताच्या माणसाने दुसऱ्याची १.२ मिमीची गिटार पाहून तशीच मागितली, तर खरखर त्याच्या हाताची असते, गिटारची नव्हे.

किती फेरे फिरवायचे, हे अंदाजाने करण्याची गरज नाही. मेट्रिक सॅडलचे स्क्रू सहसा ३ मिमी व्यासाचे, त्यांच्या आट्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर. एक पूर्ण फेरा म्हणजे सॅडल अर्धा मिमी वर किंवा खाली. पण तार नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपाशी (सळईचा नट वेगळा), स्थिर असते, त्यामुळे सॅडलपाशी झालेला बदल बाराव्या फ्रेटवर बरोबर निम्मा आणि सतराव्यावर सुमारे ६२ टक्के उतरतो. एका फेऱ्याला सतराव्यावर ०.३ मिमी. दोन मिलिमीटरवरून १.६ वर यायचे तर सव्वा फेरा. हे माहीत नसलेला माणूस ‘०.४ मिमी खाली हवे’ म्हणून सॅडल ०.४ मिमी उतरवतो आणि काहीच फरक पडला नाही म्हणून वैतागतो.

स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो खालच्या पत्र्यावर टेकून सॅडलला उचलतो, उलटा फिरवला की सॅडल बसते. वर घ्यायचे असेल तेव्हा आधी ती तार ढिली करावी. ताणलेल्या तारेखाली जोर केला की स्क्रूचे षट्कोनी भोक गोल होते, आणि गोल झालेला स्क्रू काढणे हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. दोन्ही स्क्रू सारखे फिरवून सॅडल आडवे सपाट ठेवावे. एकच फिरवला की ते कलते आणि शेजारच्या सॅडलला घासते. एक स्क्रू अधांतरी राहिला तर तो स्वतःच खणखणतो, आणि ती खणखण फ्रेटची समजून लोक भलतीकडेच शोधत बसतात.

पहिली आणि सहावी तार ठरली की मधल्या चार तारा बोर्डाच्या गोलाईप्रमाणे बसवायच्या. कंपासने पुठ्ठ्यावर कंस काढून कापला की गेज तयार: ९.५ इंचांसाठी २४१ मिमी त्रिज्या, १२ इंचांसाठी ३०५, ७.२५ साठी १८४. शाळेच्या कंपासात एवढी त्रिज्या मावत नाही, दोऱ्याला पेन्सिल बांधून काढावी. ब्रिजवर तारांची एकूण रुंदी ५२.५ मिमी आणि गोलाई ९.५ इंच असेल, तर तिसरी-चौथी तार कडेच्या तारांपेक्षा जवळजवळ १.४ मिमी वर येते, दुसरी-पाचवी ०.९ मिमी. सगळी सॅडल्स एका रेषेत सपाट लावलेली गिटार दुकानातही दिसते. तिच्यात कडेच्या तारा ठीक आणि मधल्या दोन तारा फ्रेटवर लोळतात.

आता खरखर. सतार-तानपुऱ्याच्या जवारीला सरावलेल्या आपल्या कानाला हा विषय नवा नाही. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून तार तिच्यावर किंचित घसरत राहील असा उतार देतो, तानपुऱ्यात खाली सुताचा जीव सरकवतो, आणि त्या स्पर्शातूनच सुरांचे झुंबर उमलते. गिटारमध्ये सॅडलची कड मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, स्पर्श तिथे नको असतो. तरीही तार थरथरताना पुढच्या फ्रेटला शिवली की जवारीसारखाच आवाज येतो. फक्त तो मागितलेला नसतो. तो कुठे येतो यावरून कारण कळते. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच येत असेल तर नेक फार सरळ आहे. सगळीकडे सारखा येत असेल तर सॅडल खाली आहे. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उठलेला आहे. तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ धातूची कड ठेवून डुगडुगते का पाहावे. अशा वेळी सॅडल वर करत राहणे म्हणजे एका फ्रेटसाठी बाकी सगळ्यांना शिक्षा. बाराव्याच्या पुढे पहिली तार ओढली की सूर मध्येच मरत असेल, तर बोर्ड जास्त गोल, म्हणजे कमी त्रिज्येचा आहे. कडेची तार ओढताना उंचवट्याच्या माथ्यावर जाते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. ७.२५ इंच बोर्डावर हे नेहमीचे, म्हणून तिथे उंची थोडी जास्तच ठेवतात. आणि जी खरखर ॲम्प्लिफायरमधून ऐकूच येत नाही, तिच्यामागे लागू नये. प्लग न लावता शांत खोलीत ऐकली तर जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गिटार थोडी खरखरते.

बोटे दुखण्याबद्दलचे दुसरे वाक्य इथे येते. एफ कॉर्ड बसत नाही, पहिल्या दोन फ्रेटवर तार दाबताना बोटात रुतते, पण पाचव्याच्या पुढे सगळे सोपे वाटते, ही तक्रार जवळजवळ नेहमी नटची असते. नट म्हणजे डोक्याकडची खाचांची पांढरी पट्टी. सॅडल कितीही उतरवले तरी पहिल्या फ्रेटवर त्याचा परिणाम नगण्य. परीक्षा सोपी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते पाहा. बारीक तारांना साध्या कागदाच्या जाडीइतकी, जाड तारांना किंचित जास्त, एवढीच हवी. स्वस्त गिटारीत कारखान्यातून खाचा उथळ ठेवून पाठवतात, कारण उथळ खाच खोल करता येते, खोल गेलेली मात्र भरावी लागते. खाच कापायला तारेच्या जाडीची खास कानस लागते. करवतीच्या पात्याने रुंद झालेल्या खाचेत तार आडवी हलते आणि सतारीसारखी गुणगुणते. हे काम वाद्यदुरुस्तीवाल्याकडेच द्यावे, पण त्याला ‘तारा खाली कर’ असे मोघम न सांगता ‘पहिल्या फ्रेटवर फट जास्त आहे’ असे सांगावे.

ट्रेमोलो ब्रिजवर (दांडीने हलवून सूर खाली-वर करता येतो अशा) एक वेगळीच गफलत होते. ब्रिज तरंगता असेल तर तो तारांची ओढ आणि मागच्या स्प्रिंगांची ओढ यांच्या तोलावर उभा असतो. नऊच्या जागी दहाचा सेट लावला की ओढ सात-आठ किलोंनी वाढते, ब्रिजची मागची बाजू उचलली जाते, सहाही तारा एकदम वर येतात. लोक सॅडल उतरवायला घेतात. उतरवायचे काहीच नसते. मागची झाकणी काढून, स्प्रिंगा ज्या लोखंडी पंजाला अडकवलेल्या असतात त्याचे दोन लांब स्क्रू आवळायचे, पुन्हा सुरात लावायचे, पुन्हा आवळायचे, ब्रिज पूर्वीच्या जागी येईपर्यंत. सहा स्क्रूंच्या जुन्या पद्धतीच्या ब्रिजची मागची कड बॉडीपासून १/८ इंच म्हणजे सुताराचे एक सूत उचललेली असावी, असे फेंडर सांगते.

सॅडल तळाला टेकले आणि तारा तरीही उंच, असेही होते. मग नेकचा कोन बदलावा लागतो. तारा ढिल्या करून मागचे चार स्क्रू काढावे आणि नेक बसते त्या खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पाव मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवावी. एवढ्याशा पट्टीने ब्रिजपाशी जवळजवळ ०.९ मिमी जागा मोकळी होते, कारण खाच सात-साडेसात सेंटिमीटरची आणि तिच्या पुढच्या कडेपासून सॅडल पंचवीस सेंटिमीटर लांब. पट्टी दुसऱ्या टोकाला गेली तर उलटे होऊन तारा आणखी उंच. स्क्रू परत घालताना आधी उलटे फिरवावे, आटा जुन्या चाकोरीत ‘टक’ करून बसला की मग आवळावे, नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि नेकची पकड जाते.

गिब्सनच्या लेस पॉल घडणीत हा खटाटोप कमी. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजच्या दोन टोकांना दोन चकत्या, गोलाई ब्रिजमध्येच कोरलेली. पण गिब्सनची मापे बाराव्या फ्रेटवर घेतात: सहावी २ मिमी, पहिली १.२. एका फ्रेटचे माप दुसऱ्या फ्रेटवर लावले की उंची चुकते. फ्लॉइड रोज नावाच्या तरंगत्या ब्रिजमध्ये दोन खांबांवर ब्रिजची धारदार कड टेकलेली असते, तारा ढिल्या केल्याशिवाय खांब फिरवले की कड बोथट होते आणि गिटार सुरात राहणे सोडते.

तारा खाली आल्या की त्या पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या, चुंबकांच्याही जवळ येतात. जाड तारेचा वरच्या फ्रेटवर सूर थरथरत असेल, एका सुरातून दोन ऐकू येत असतील, तर चुंबक तारेला ओढते आहे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून जुन्या घडणीच्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपला सहाव्या तारेखाली २.४ आणि पहिल्या तारेखाली २ मिमी अंतर ठेवावे. सगळ्यांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागणे: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलके शिवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. उंची बदलण्याआधी हे केले तर पुन्हा करावे लागते, कारण तार जितकी उंच तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते.

मुंबई-कोकण-गोव्याकडच्या वाचकांसाठी एक सांगायला हवे. पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत नेक हलतेच, म्हणून वर्षातून दोनदा रिलीफ मोजावा. खाऱ्या हवेत आणि घामाने सॅडलचे स्क्रू गंजून बसतात, त्यांना जोर न देता सुईच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब लावून रात्रभर ठेवावे. फवारा मारू नये, पिकअपला खपत नाही.

पुढच्या रविवारी पहिले वाक्य असे दुरुस्त करून छापावे, ही विनंती: ‘तारा उंच वाटल्यास आधी रिलीफ मोजावा. तो पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर ट्रस रॉडला हात न लावता ब्रिजवरची सॅडल्स खाली घ्यावीत.’ आणि बोटे दुखण्याविषयीच्या वाक्याच्या आधी पाच शब्द घालावेत: ‘आधी पहिल्या फ्रेटवरची फट पाहा.’

आपला,
एक वाद्यदुरुस्ती कारागीर, पुणे